तपकिरीच्या डबीचं झाकण

मागचं डावं चाक काढलं तेव्हा
हबचा नट हातानेच फिरला.
मौनेशमामा काही बोलला नाही,
माझ्याकडे बघितलं नुसतं, मीच सैल केल्यासारखं.

पुलर लावला, ताण दिला,
आणि तसंच सोडून आम्ही चहाला बसलो.
उद्यमबागेत त्या दिवशी वीज नव्हती,
शेजारच्या फाउंड्रीची भट्टी गप्प,
म्हणून तो आवाज नीट ऐकू आला:
एकच, बार उडाल्यासारखा.
अडतीस सालच्या मॉरिसचा हब
शाफ्टवरून सुटून अर्धं बोट पुढे आला होता.

आत पत्रा निघाला.
निमुळत्या शाफ्टला गुंडाळलेला, काळा पडलेला,
कडेला वेडेवाकडे दात.
आणि हबमध्ये, चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून,
केसाएवढी भेग.
"कुणी केलंय हे गाढवकाम?" मी म्हटलं.
मामा पत्रा रॉकेलमध्ये बुडवत होता.

नवा हब आपल्याच गल्लीत टर्न झाला.
मी कौतुकाने बोटभर ग्रीस घेतलं.
मामाने माझ्या मनगटावर पाना टेकवला.
मारला नाही, टेकवला.
"कोरडं. इथं तेलाचा वास पण नको.
नोडु, चावी गाडी ओढत नाही.
चावी म्हणजे साक्षीदार.
ओढतं ते अंगाला लागलेलं अंग."

शाफ्टला निळा रंग लावला,
बोटाने पुसून पुसून पातळ केलेला.
हब चढवला, उतरवला, उजेडाकडे धरला.
तोंडाशी तेवढं एक निळं कडं,
बाकी सगळं लोखंड पांढरं, न शिवलेलं.

मग व्हाल्वची पेस्ट, चावी न घालता:
पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे,
उचलायचं, जागा बदलायची, परत.
दोन दिवस.
मधे पाटी रंगवणारा येऊन
वरची कन्नड अक्षरं मोठी करून गेला,
खालची मराठी बारीक.
मामाने मान वर न करता त्याला म्हटलं,
"अक्षर बरं आहे हं तुझं."
घोट्यापर्यंत राखाडी हात, पाव फेरा इकडे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निळं आतपर्यंत उमटलं,
शहापुरी लुगड्याचा रंग पहिल्या धुण्यात
हातांना लागतो तसं,
कुठे दाट, कुठे फिकट, पण सगळीकडे.
पेट्रोलने धुतलं. चावी. हब. वॉशर. नट.
पान्याला पाइप लावून दोघे लोंबकळलो.
पिनचं भोक जरा चुकलं.
"थोडा मागे घेऊ?"
"मागे नाही. पुढचं भोक."
परत लोंबकळलो. मला वाटलं आटे जातायत.
"साकु," मामा म्हणाला.

निपाणीहून हेमलताबाई शिपुरकर गाडी न्यायला आल्या,
पांढरे केस, बाटा चप्पल, ड्रायव्हर नको म्हणाल्या.
मामाने तो पत्रा तळहातावर ठेवून पुढे केला.
त्यांनी चष्मा काढून वास घेतला,
रॉकेलशिवाय कसला येणार होता?
"आप्पांच्या तपकिरीच्या डबीचं झाकण.
तवंदी घाट, रात्रीचे दोन,
मी मागच्या सीटवर, अंगात ताप, सात वर्षांची.
चाक डुलायला लागलं.
आईच्या अडकित्त्याने कापलं त्यांनी हे.
उजाडायच्या आत बेळगावला, दवाखान्याच्या दारात होतो.
पुढे ते गेले, गाडी वखारीत उभी राहिली."

मी पाने पुसायला लागलो. पाने स्वच्छच होते.
मामाने पत्रा उलटसुलट बघितला.
"चूकच आहे," तो म्हणाला. "पण पोचवलं की."

देसूरपर्यंत जाऊन आलो, बाई चालवत होत्या.
ड्रम कोमट असतानाच जुनी पिन उपटली, पाइप लावला.
नट अजून एक खाच पुढे सरकला.
"इतकं घासून सुद्धा?" मी.
"मग? बसतंय अजून."
नवी पिन. दोन्ही पाय वाकवले.
झाकण बाईंनी पर्समध्ये टाकलं,
दात लागू नयेत म्हणून
पावतीत गुंडाळून.