चौकी क्रमांक सात

शर्यत मला कधीच सबंध दिसत नाही.
माझ्या वाट्याला एकच वळण येतं,
अंडर्सटॉर्पच्या दलदलीवर भराव घालून केलेलं,
आणि पलीकडे बर्चची झाडं.
बाकीचं सगळं आवाजावरून ओळखायचं:
जुन्या धावपट्टीवर कोण पाय पूर्ण दाबतोय,
कोण घाबरून आधीच ब्रेक मारतोय.
सत्तावीस वर्षं झाली. कान तयार झालेत,
गुडघे गेलेत.

त्या रविवारी थर्मासात कॉफी होती,
गुन्वोरने बांधून दिलेला वेलदोड्याचा पाव होता,
आणि चौदाव्या जागेवरून सुटणारी
त्रेसष्ट नंबरची पिवळी गाडी.
टूवा हेडस्ट्रॉम. वय एकोणीस. पहिलाच मोसम.
आदल्या संध्याकाळी ती चालत आली होती वळणापर्यंत,
उकिडवी बसून तळहाताने डांबर चाचपत होती,
आजारी गुराच्या पोटावर हात ठेवावा तशी.
"इथे ओल किती वेळ राहते?"
इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं.
म्हणालो, "झाडांची सावली सरकेपर्यंत.
तीनच्या आधी आतून जाऊ नकोस."

शर्यत पावणेतीनला सुटली.
ती आतून गेली नाही.
बाकीचे गेले, घसरले, सावरले,
आणि त्यांच्या सावरण्यातून ती निघून गेली.
मी बोटांवर मोजत होतो: अकरावी, नववी, सहावी.
तीन वाजले. सावली सरकली.
पुढच्याच फेरीला ती आतून आली,
इतक्या आतून, की कडेच्या गवताने मान वळवली.
सतराव्या फेरीला तिसरी,
आणि दुसऱ्याच्या मागच्या पंखाला
तिच्या गाडीचं नाक जवळजवळ टेकलेलं.

अठराव्या फेरीला मला ऐकू आलं.
गिअर खाली उतरताना
एक कोरडा, बारीक सूर,
पातेल्याच्या तळाशी चमचा घासल्यासारखा.
धूर नाही. वास नाही. वेग तोच.
जोडीला असलेल्या ओलेने विचारलं, "काय झालं?"
म्हणालो, "काही नाही."

माझ्याजवळ पिवळा झेंडा आहे, अपघातासाठी.
तेल सांडलं तर लाल-पिवळ्या पट्ट्यांचा.
निळा आहे, पांढरा आहे.
नारिंगी ठिपक्याचा काळा वर मनोऱ्यात असतो,
पण तो काढायला त्यांना काही दिसावं लागतं.
नुसतं ऐकू आलेल्याला झेंडा नाही.
असता, तर मी हलवला असता?
पुढचं दीड मिनिट हाच प्रश्न
हातात गुंडाळून उभा होतो.

एकोणिसाव्या फेरीला पिवळं दिसलं,
आवाज मात्र नव्हता.
फक्त टायरांची सळसळ,
उतारावरून सायकल यावी तशी.
तिने गाडी बरोबर आमच्या फटीपाशी आणून सोडली,
कुणाच्या वाटेत न येता. वेग मेल्यावरही
तिची रेषा चुकली नव्हती.
आम्ही तिघांनी ढकलली.
रेसिंगची गाडी किती हलकी असते,
ढकलल्याशिवाय कुणाला खरं वाटत नाही.

ती कठड्यामागे गवतावर बसली, हेल्मेट मांडीवर.
रडली नाही. पाव दिला, तो खाल्ला,
आधी कडेचा, मग मधला.
कुठे माशी शिंकली ते तिची माणसं
रात्री गिअरबॉक्स उघडून बघतील.
मी गप्प होतो.
मग तीच म्हणाली, रस्त्याकडे बघत:
"मागच्या फेरीला. तुम्हालाही आलं ना ऐकू?"
"हो."
"मला वाटलं, मी नाही ऐकलं असं केलं
तर ते झालंच नसेल."

दुसऱ्या नंबरची गाडी गेली. मग तिसऱ्या नंबरची,
जी आता तिची नव्हती.
डोळे मिटून ती म्हणाली,
"हा तिसऱ्यावरून दुसऱ्यावर फार लवकर उतरतोय."
खरं होतं ते.

शेवटचा झेंडा इथून दिसत नाही.
आवाज विरळ होत गेला, तेव्हा कळलं, संपली.
दलदलीत एक पक्षी ओरडला,
बहुधा मघापासूनच ओरडत असणार.
तिने उठून पुन्हा एकदा
वळणाच्या आतल्या कडेला तळहात टेकवला.
"कोरडं आहे," म्हणाली,
आणि उरलेली कॉफी मागितली.