शून्य पहिल्या घरात बसत नाही

कीथलीला आले तेव्हा
गावाचं नाव स्पेलिंगप्रमाणे वाचलं होतं.
बसचा ड्रायव्हर हसला. वाईट नाही,
पण हसला.
आता टेकडीवरच्या केअर होममध्ये रात्रपाळी,
एकोणीस खाटा,
आणि बाहेरच्या दाराला आकड्यांचं कुलूप.

दहा बटणांपैकी चार घासून गुळगुळीत झालीत:
शून्य, तीन, सहा, आठ.
उरलेल्या सहांवर अजून कंपनीचा काळा रंग.
हे आमच्याआधी कुणी हेरलं असेल
तर मर्गट्रॉइड आजोबांनी,
ज्यांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही.

साडेनऊला कोट चढवून येतात.
"चार आकडे. प्रत्येक एकदाच," मला बजावतात,
गिरणीत नवी लागलेली पोर असल्यासारखं.
"पहिल्या घरात बसायला कितीजण?"
चार, मी म्हणते.
"तीन. शून्य पहिल्या घरात बसत नाही."
मग तीन, मग दोन, मग एक.
तीन त्रिक नऊ, नऊ दुणे अठरा.

चाळीस वर्षं त्यांनी लोकरीच्या गाठींवर
पत्र्याच्या साच्यातून नंबर रंगवले.
शून्यानं सुरू झालेली गाठ, म्हणतात,
वहीत एक असते, गोदामात दुसरी,
आणि शेवटी कुणाचीच नसते.

तर अठरा. चढत्या क्रमानं.
तीन शून्य सहा आठ. लाल दिवा.
तीन शून्य आठ सहा. लाल दिवा.
एकही गाळत नाहीत, एकही दोनदा नाही.
रविवारी लेक आली होती, तिला "मिस" म्हणाले,
पण इथे बोट अडखळत नाही.
दहाच्या आत आठ सहा तीन शून्य होतं.
"दार बिघडलंय," म्हणतात,
आणि कोटाची बटणं काढून घ्यायला
माझ्यापुढे उभे राहतात.

मला माहीत आहे तो नंबर.
तो शून्यानं सुरू होतो.
कुलुपाला संख्या कुठे कळते,
त्याला कोण कुणामागून आलं एवढंच कळतं.

दोन वाजता, गोळ्यांची फेरी झाली की
मी हजेरीपत्रकाच्या पाठीवर माझी अट घालते.
मराठीत लिहिते: ३६.
पाठीला पाठ. असे शेजारी नकोत.
६३ चालेल, तोंडं तरी एकमेकांकडे आहेत.
अठरातून चार गेले, चौदा.
मग वाटतं, चिकटून हवेतच कशाला,
मध्ये कुणीतरी असू दे.
दहा उरतात.
सुहासची दिवसपाळी ब्रॅडफर्डला.
सकाळी सातला दारात
गाडीची किल्ली या हातातून त्या हातात जाते,
डब्यात काय आहे ते सांगून होतं.
हे मी कुठल्या दहांत धरायचं, कळत नाही.

परवाच्या गुरुवारी अठरा झाले
आणि आजोबा हलले नाहीत.
बोट शून्यावर ठेवलं. दाबलं नाही.
बाहेर गारांचा मारा, काच वाजत होती.
हातात दुधाचा कप धरून मी उभी.
सहा नंबर उरले होते, त्यातला एक खरा,
आणि हा माणूस एक गाळणाऱ्यातला नव्हे.
"ही संख्या नाही," ते म्हणाले. मला विचारल्यासारखं.
"नाही," मी म्हटलं.
त्यांनी बोट काढलं.
वहीत लिहिलं: साडेनऊ ते दहा, दाराशी. शांत.

एक तारखेला शेरिल कुलपाचा नंबर बदलणार आहे.
मला म्हणाली, तुला काही सुचतंय का,
मला मेलं काही सुचत नाही.
बघते, म्हटलं.
जुनी चार बटणं अजून वर्षभर तरी चकाकतील,
आणि साडेनऊला कोट येईल.
तेव्हापासून डोक्यात आकडे फिरताहेत,
पहिल्या घरात कुणाला बसवू.