बारा व्होल्ट

जिवाजीगंजात, शरयूताई मुंगींकडे,
फ्रिजवर क्रोशाच्या रुमालाखाली
रेकॉर्डर गुदमरत होता.
"डिस्क गेली म्हणतात. नवी घाला,
पण महाग नको."

मी आधी कान लावतो.
मरायला टेकलेली डिस्क टकटक करते,
चुकीच्या दारावर पाहुणा करतो तशी.
ही गप्प. जरा गरम,
पण मे महिन्यात ग्वाल्हेरात
गार काय असतं?

केबल बदलली. लॅपटॉपला जोडून तपासली,
एक सेक्टर खराब निघेल तर शपथ.
मग तारखा चाळल्या:
दूधवाला, पेपर, समोरच्या बघेलांची
तिरकी लावलेली स्कूटर,
आणि दिवस मावळला की कोरं.
रोज. मावळला की कोरं.

अंधार पडतो, चारही कॅमेरे
आपले लाल दिवे लावतात,
आणि मरतुकड्या अडॅप्टरचं सगळं अवसान
तिकडेच जातं.
डिस्क फिरायला उठते,
अर्ध्यात बसते.

"कधीपासून?"
"ऑक्टोबर."
ताई बोटांवर मोजत राहिल्या.
"आणि मी त्या लाल ठिपक्यांच्या भरवशावर
वरची कडीसुद्धा लावत नव्हते हो."

साडेतीनशेचा नवा अडॅप्टर लावला.
अंधाराची वाट बघत
दोनदा चहा झाला.
ठिपके पेटले. डिस्क घुमली,
घुमत राहिली.
"आता रात्रही दिसेल," मी म्हणालो.
त्या काही बोलल्या नाहीत.

चपला घालत होतो तेव्हा
पाठीमागे कडी वाजली. वरची.
मग, थोडं थांबून,
खालचीही.