एक फक्त

अकराव्या वाढदिवसाला अच्युतमामाने लखोटा दिला.
आत बाहुली मावणार नाही हे दिसतच होतं.
निघाला एक कागद, पिस्त्याच्या रंगाचा,
कडेला नोटेसारखी वेलबुट्टी:
विश्वामित्री पंप्स लिमिटेड, मकरपुरा, वडोदरा.
समभागांची संख्या, आकड्यात: १.
अक्षरी: एक फक्त.

माझ्या नावापुढे 'मायनर' टाइप केलेलं.
"कायद्याच्या मराठीत अज्ञान," मामा म्हणाला,
"अठरा झालीस की आपोआप सज्ञान होशील.
मला अजून व्हायचंय."

आई चिडली. फ्रॉक आणला असतास, निदान पेढे.
रावपुऱ्यातल्या दलालानेही म्हणे
चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "एक ज?"
लोक शंभराचा गठ्ठा घेतात, भाई,
एक म्हणजे गठ्ठ्यातून गळलेला.
मामा म्हणाला, गळलेलाच द्या.

तोही गळलेलाच होता.
बावीस वर्षं सात नंबरच्या शेडमध्ये फिटर,
मग संप, मग नऊ जणांची यादी,
मग फाटकावरचा रखवालदार,
ज्याच्या मुलीच्या लग्नात मामाने पंगत वाढली होती,
तो खाली बघत म्हणाला, साहेबांचा हुकूम आहे.

दरवर्षी पोस्टमन दांडिया बाजारातला आमचा जिना चढायचा.
गुळगुळीत अहवाल. पहिल्या पानावर 'प्रिय भागधारक'.
तोवर मला कुणी प्रिय लिहिलं नव्हतं.
सोबत लाभांशाचा चेक, एक रुपया ऐंशी पैसे.
बँकेत जायला रिक्षाच चार रुपये घेणार,
म्हणून आई तो चकलीच्या साच्याच्या डब्यात टाकायची.
घरात भागत नव्हतं त्या वर्षांतही
डब्यात माझा भाग वाजायचा.

सज्ञान झाले त्या वर्षी
मामाने लुनावर बसवून अकोट्याला नेलं, वार्षिक सभेला.
"मला आत घेणार नाहीत. तुला खुर्ची द्यावीच लागेल."
लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्याने प्रश्न लिहून दिला होता:
सात नंबरच्या शेडमध्ये धूळ ओढून घेणारे पंखे
केव्हा बसवणार?
तेव्हा कळलं, वाढदिवसाला मला काय मिळालं होतं.

सभागृह गार. माइक रांगेरांगेतून येत होता.
माझ्या हातात आला,
जड होता, कुणाच्या तरी घामाने ओला होता.
मी तो शेजारच्या काकांना दिला.
त्यांनी बोनस शेअरचं विचारलं.

बाहेर मामा लुना धरून उभा,
ऊन सरकेल तसा सरकलेला.
"विचारलंस?"
"हो."
"काय म्हणाले?"
"बघतो म्हणाले."
त्याने माझ्या हातातलं खोकं उघडलं,
लिलो चिवडो, एक कचोरी, कंपनीचं नाव छापलेला रुमाल.
चिवड्यातल्या मनुका वेचून मला दिल्या.
"बघतो म्हणाले म्हणजे ऐकलं तरी,"
एवढं म्हणाला, आणि खोकला.

त्यानंतर चौदा वर्षं खोकत होता.

आता पत्रं येतात: कागद जमा करा, खातं उघडा,
आपली सही जुळत नाही.
कशी जुळेल?
ती सही खोटं बोलण्याच्या आदल्या आठवड्यातली आहे.
मुलगा म्हणतो, विकून टाक, एकाने काय होतंय.

यंदा सभा संगणकावर होती.
फोलिओ क्रमांक. समभाग: १.
प्रश्नाच्या चौकटीत मी पत्रिकेच्या पाठीवरून
शब्दन्‌शब्द उतरवला,
मामाची 'धूळ' ऱ्हस्व होती, ती ऱ्हस्वच ठेवली.

आठ दिवसांनी उत्तर:
आदरणीय भागधारक, सदर शेड पाडण्यात आली आहे.
आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार.

पंखे बसले होते की नाही,
ते लिहिलेलं नाही.
पुढच्या वर्षी विचारीन.