बंतु, होतु

तिसऱ्या गेटापलीकडं शाळेचं मैदान,
त्यावरचा गवत कापायचा लाल ट्रॅक्टर.
लाल म्हणजे एके काळी.
कॅन्टोन्मेंटच्या लिलावात सरांनी घेतला तेव्हा
सीटला गादी होती, दिव्याला काच होती
आणि मला दोन्ही गुडघे होते.

आता चालू केला की
आवाज चढतो, चढतो, एकदम खाली बसतो,
मेला वाटेपर्यंत पुन्हा चढतो,
पाळण्यातल्या पोराला कुणी रागानं झोके द्यावेत तसा.

रविवारी मॅच. आश्विनातलं गवत घोट्याच्या वर.
बुधवारी मी प्लग बदलला.
गुरुवारी टाकी रिकामी केली, पंपवाल्याला शिव्या घातल्या,
दुसऱ्या पंपावरनं पेट्रोल आणलं.
झाकण सैल सोडून बघितलं.
कार्बोरेटर उघडला, जेटात तांब्याची तार घातली,
फुंकर मारली. रात्री आमटीलाही पेट्रोलची चव.
शुक्रवारी गव्हर्नरची स्प्रिंग ताणली, एक भोक पुढं.
मग तर वेडंच झालं ते.
तसाच रेटला अर्धा तास, गोलपोस्टच्या कडेनं.

शनिवारी दस्तगीर मेस्त्री आला, लुनावरनं.
उद्यमबागेत तीस वर्षं फौंड्रीत काढलेला,
डावा कान तिथंच ठेवून आलेला.
उजवा आहे अजून.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर,
मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले,
आणि ओठांत मोजल्यासारखं
बंतु… होतु.
बंतु… होतु.
आलं… गेलं.

मी म्हटलं, गव्हर्नर गेलाय.
"तडी," म्हणाला.
"त्या बिचाऱ्याला कशाला नाव ठेवतोस, नागोजी?
वेग पडला की धावत जाऊन उचलतो,
जास्त झाला की ओढून धरतो.
रात्रपाळीचा वॉचमन तो.
दार दुसरीकडंच कुठंतरी उघडं हाय."

चोक अर्धा ओढला.
इंजिन शहाणं झालं.
चोक सोडला. बंतु, होतु.
"गाळी," म्हणाला. "वारा पितंय हे."

मग तेलाच्या पिचकारीनं एक थेंब
कार्बोरेटर इंजिनाला मिळतो त्या सांध्यावर ठेवला.
थेंब थांबला नाही. आत गेला.
दोन क्षण आवाज सरळ, ताणलेल्या दोरीसारखा,
मागनं थोडा धूर,
आणि पुन्हा तेच.

मला तेव्हाच कळलं.
तो नट सोडवत होता, मी मैदानाकडं बघत होतो.
निघालं ते पॅकिंग,
गेल्या शिमग्यात मीच कापलेलं,
पुतणीच्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं,
कात्री बायकोची.
पोरांना बोलावून दाखवलं होतं, बघा रे, चाळीस रुपये वाचले.
तेलानं काळं, एका कडेला फाटलेलं,
पण सोनेरी शाईतलं 'चि. सौ. कां.' अजून दिसत होतं.

मेस्त्रीनं वाचलं.
हसला नाही. हसला असता तर बरं.
"हिचं बरं चाललंय न्हवं?" एवढंच.
"व्हय. गडहिंग्लजला दिलीया. पोरगी झाली."
"मग झालं तर."
डब्यातनं खरं पॅकिंग काढलं, बसवलं,
आणि स्प्रिंग, मला न विचारता,
एक भोक मागं घेतली.

चालू केला.
एकच सूर. इतका सरळ
की टाकीखाली झोपलेलं कुत्रं उठून बसलं,
काय बिघडलं म्हणून.

संध्याकाळपर्यंत सगळं मैदान झालं.
गोलपोस्टकडचा शुक्रवारचा पट्टा तेवढा राहिला:
हातभर साफ, हातभर ओरबाडलेला,
हातभर साफ, हातभर ओरबाडलेला.
दुसरा हात फिरवला, पण गवत एकदा फाटलं की फाटलं.

रविवारी पोरं त्यावरनं पळाली.
एक चेंडू तिथंच वाकडा उडाला, कुणी काही म्हटलं नाही.
मला मात्र कट्ट्यावरनं
लांबूनसुद्धा वाचता येत होतं.