नळाचा कान

कुरिअरचं पुडकं बायकोने हातात तोलून पाहिलं.
"येवढ्याचे साडेचार हजार?"
मी म्हणालो, कॉम्प्युटर आहे हा.
ती म्हणाली, मग झाकण कुठाय?

झाकण नव्हतंच.
पत्त्यांच्या कॅटाएवढी हिरवी पाटी,
कडेला चाळीस पिना, फणीच्या दातांसारख्या.
साबणदाणीला तापल्या खिळ्याने भोकं पाडून
मी तिला घर दिलं.

रोलिंग मिलमध्ये मी
चारशे चाळीस व्होल्टच्या मोटारी सांभाळतो.
तिथे चुकलं की माणूस जातो.
इथे तीन पूर्णांक तीन व्होल्ट.
चुकलं तर एक दिवा लागत नाही, बस्स,
आणि तो का लागत नाही हे शोधता शोधता
रात्रीचा दीड वाजतो.
त्या दीड वाजण्याचं सुख
मला अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

आमच्या गल्लीत, जुन्या जालन्यात,
पाणी दहाव्या दिवशी येतं. कधी बाराव्या.
म्हणून पोरीच्या गाणाऱ्या बर्थडे कार्डातून
पितळी चकती उपटली,
सायकलच्या ट्यूबने नळाला आवळली,
वायर खिडकीतून आत घेतली
आणि पाटीला सांगितलं:
पाइपात आवाज झाला की बझर वाजव.

वाजला. पावणेतीनला.
नसीमबी दोन घागरी घेऊन,
पाटोळ्यांची सून टब ओढत,
कचरूशेठ बनियनवर, काखेत मोटार.
नळ फुसफुसला, खोकला,
गप्प झाला.
"काहून उठवलंस रे बाबा?"
कुणी फारसं रागावलं नाही,
तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दगडूबा व्हॉल्व्हमन आले,
खांद्यावर ती पुरुषभर लोखंडी चावी.
साबणदाणीकडे त्यांनी पाहिलंही नाही.
चावीचं एक टोक पाइपाला टेकवलं,
दुसरं कानाला.
"हवा पोकळ बोलते.
पाणी आलं की आवाज जाड होतो.
तुह्या डब्याला जाड-बारीक कळतं का?"

नव्हतं कळत.
मग चार पाळ्या, म्हणजे चाळीसेक दिवस,
ते कान लावून पायरीवर,
मी दोन बटणांवर दोन बोटं ठेवून.
"हवा." दाबलं.
"हवाच." दाबलं.
"थांब. थांब. थांब जरा...
आता."
दुसरं बटण.
एकोणतीस वर्षांची नोकरी
नखाएवढ्या कार्डात उतरत होती
आणि त्यांना चहात साखर जास्त लागत होती.

आता बझर हवेला तुटक वाजतो, पाण्याला लांब.
नसीमबीच्या कुकरची शिट्टी
त्याला अजूनही पाणीच वाटते.
करीन दुरुस्त.

दगडूबा मार्चात रिटायर झाले,
वाळूजला पोराकडे गेले.
तिथे नळाला रोज पाणी,
त्यांना झोप नाही.
रात्री-बेरात्री फोन येतो:
"आलं का?"

आज साडेतीनला त्यांचा फोन चालू असतानाच
बझर वाजला. लांब.
दारं उघडली, घागरींचे आवाज.
मी फोन पाइपाला टेकवला.
पलीकडे बराच वेळ फक्त श्वास.
मग म्हणाले,
"हवा हाय."

बझर वाजतोच आहे.
कचरूशेठने मोटारीची पिन हातात धरलीय,
माझ्याकडे बघतोय,
लावू का.