काना

पौनीकर मास्तरांनी सात बाण काढायला सांगितले,
गेरूचे, हातभर लांब,
बाणाला चाळीस रुपये, रंग माझा.
कवयित्री सातशे वर्षांपूर्वीची. नाव पोमाइसा.
तेव्हा हे शहरच नव्हतं, मास्तर म्हणाले,
नदीकाठी चार-दोन वाड्या,
आणि तिच्या ओव्या साडेनऊ.

पहिला गणेशपेठेत, बुजवलेल्या विहिरीवर.
आता तिथं डीपी आहे.
तिच्यावरची कवटी अन् दोन हाडं मागं मीच रंगवलेली.
बाण कवटीच्या अंगानं काढला.
दुसरा इतवारीत. ती भिक्षेला थांबायची त्या दारी
स्टीलची भांडी.
"काढ ना बे, पण शटर सोडून."

तांडापेठेत एक बाई कांड्या भरत होती.
"आमच्याच भित्तीले कायले? लोकं येतीन,
मंग पाणी कोन पाजन त्याइले?"
मास्तर तिला ओवी म्हणून दाखवू लागले.
बाईचं चाक थांबलं नाही.
ओवी संपली तरी थोडा वेळ फिरलं,
मग ती म्हणाली, "काढा. लहान काढा."

नंदनवनच्या पुलाखाली नाग नदी,
काळी, दोन्हीकडून सिमेंटात आवळलेली.
इथं ती लुगडं धुवायची,
मास्तर नाकाला रुमाल न लावता म्हणाले.

सातवा पारडीत. भिंत तिथं संपते,
पुढं मोकळा प्लॉट.
मास्तरांनी पिशवीतून झेरॉक्स काढली, अर्धी ओवी:
*नदीचिये थडिये व ट*
व आणि ट यांच्यामध्ये भोक. पोथीला कसर लागलेली.
पुढचंही तिनंच खाल्लं.
काना असेल तर वाट, मास्तर म्हणाले,
नसेल तर वट. म्हणजे झाड.
झाड असेल तर ती इथंच बसली, इथंच संपलं.
वाट असेल तर…
तीस वर्षं झाली. पेन्शन सुरू झाली, घरातलं माणूस गेलं.
एकदा वट ठरवून लेख छापला,
त्या रात्री झोप नाही.

मी म्हटलं, "वाट पाहत असन तं?"

मास्तर काही बोलले नाहीत.
कागदाची घडी घातली, परत उघडली.

झाड तर कुठंच नव्हतं.
डब्यात एका बाणापुरता रंग.
बाणाची आधी दांडी ओढायची असते.
मी ओढली, ती उभी ओढली गेली.
टोक लावायला ब्रश उचलला
तर मास्तरांनी मनगट धरलं माझं.
"राहू दे."

दोनशे ऐंशी मोजून दिले.
चाळीस परत करत होतो, घेतले नाहीत.

रविवारी सोळा माणसं आली, मास्तर धरून.
त्या उभ्या रेघेपाशी सगळी थबकली,
इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं,
एकानं फोन काढून नकाशा फिरवला.
एक पोट्टी तेवढी खाली बसली, मातीतच,
चप्पल काढली
आणि आतला खडा शोधू लागली.